बदकाच्या पोटातला पाहुणा

तापाची गोष्ट हवी म्हणालात ना, मग आधी सायबेरियात चला. ऑगस्ट सरत आलाय. तळ्याकाठचं गवत पिवळं पडायला लागलंय आणि यंदाच अंड्यातून बाहेर आलेली बदकाची पिल्लं पाण्यात दाटीवाटीने पोहतायत. तेच पाणी पितात, त्यातच शिटतात. या पिल्लांच्या आतड्यात इन्फ्लुएन्झाचा विषाणू मुक्कामाला असतो. हो, तोच, ज्याच्यापायी तुम्ही गेल्या पावसाळ्यात आठवडाभर शाळा बुडवलीत. पिल्लाला मात्र ना ताप, ना शिंक. खातंय, पितंय, पंख फडफडवून उडायला शिकतंय. विषाणू त्याच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो, गार पाण्यात कित्येक दिवस तग धरतो आणि शेजारच्या पिल्लाच्या चोचीतून पोटात जातो. यजमान धडधाकट, पाहुणा खूश.

थंडी पडली की ही बदकं दक्षिणेला निघतात. आपल्या पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात तलवार बदकं, थापटे, चक्रवाक उतरतात ना, ती अशीच लांबून आलेली मंडळी. त्यांच्यातल्या एखाद्याच्या पोटात हा प्रवासी बसलेला असू शकतो.

"म्हणजे नाथसागरावर गेलं की फ्लू होतो?" धाकटीने पाय पोटाशी घेतले.

नाही गं. बदकाचा विषाणू सहसा माणसाला लागत नाही. का लागत नाही आणि कधीमधी का लागतो, एवढीच खरी गोष्ट आहे. बाकी सगळा तपशील. पण तपशील मजेदार आहे, तेव्हा तो मी सोडणार नाही.

हा विषाणू केवढा? कंपासपेटीतली पट्टी काढ. त्यावरच्या एका मिलिमीटरात असले दहा हजार विषाणू ओळीने उभे राहतील. जिवंत म्हणावा तर हा खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. बाहेरून चरबीचं पातळ आवरण, त्यावर दोन जातींचे काटे आणि आत आरएनएचे आठ तुकडे. या आठ तुकड्यांना आपण चिठ्ठ्या म्हणू. आठ चिठ्ठ्यांत मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास अक्षरं. माणसाचा मजकूर केवढा असतो ठाऊक आहे? तीनशे कोटी अक्षरांचा. आणि साडेतेरा हजारवाला तीनशे कोटीवाल्याला अंथरुणावर आडवा करतो.

एका काट्याचं नाव हिमॅग्लुटिनिन, दुसऱ्याचं न्यूरामिनिडेज. नावं तोंडात बसत नसतील तर एच आणि एन म्हणा. 'एच१एन१' वगैरे पेपरात येतं ते यांच्यावरूनच. एच हा चिकटणारा. आपल्या नाकातल्या, घशातल्या, श्वासनळीतल्या पेशींच्या अंगावर साखरेच्या जातीच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल नावाचा रेणू असतो. एच त्या टोकाला धरतो. आता इथे निसर्गाने बारीकसा फरक करून ठेवलाय. बदकाच्या आतड्यात हे टोक साखळीला एका कोनात जोडलेलं असतं आणि माणसाच्या नाका-घशात दुसऱ्या कोनात. बदकाच्या विषाणूचा एच पहिल्या कोनाला घट्ट बसतो, दुसऱ्यावरून घसरतो. म्हणून नाथसागरावर खुशाल जा. एका रासायनिक बंधाच्या कोनामुळे आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय.

पण माणसाला सरावलेल्या फ्लूचं तसं नाही. तो आपल्या कोनाला नेमका बसतो. बसमध्ये कोणी खोकलं, बारीक थेंब हवेत आले, ते तुझ्या नाकात गेले आणि विषाणू पेशीला चिकटला. पेशीला वाटतं काहीतरी कामाचं आलंय. ती त्याला आपल्या पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत घेते आणि पिशवीतलं द्रव आंबट करायला लागते. पेशीत बाहेरून आलेल्या पिशव्यांचं असंच होतं, आत असेल त्याचं पचन व्हावं म्हणून. विषाणू याच आंबटपणाची वाट बघत असतो. आम्ल वाढलं की एचचा काटा मुडपतो, उलगडतो, पिशवीच्या भिंतीत घुसतो आणि विषाणूचं आवरण त्या भिंतीशी एकजीव करून टाकतो. आठही चिठ्ठ्या पेशीत मोकळ्या! पेशीने ज्या उपायाने त्याला पचवायचं, त्याच उपायाने तो सुटला.

चिठ्ठ्या थेट पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे आणखी एक लबाडी. पेशी कुठलाही मजकूर वाचून प्रथिनं बनवायला घेण्याआधी त्याच्या डोक्यावर एक रासायनिक खूण आहे का बघते. जुन्या लोकांना पत्राच्या माथ्यावर 'श्री' दिसल्याशिवाय पुढे वाचवत नसे, तसं समजा. विषाणूकडे ती खूण करण्याचं साधन नाही. मग तो काय करतो? पेशीच्या स्वतःच्या पत्रांचे माथे कापतो आणि आपल्या चिठ्ठ्यांच्या नकलांना जोडतो. पेशी वरचा 'श्री' बघते आणि निमूटपणे विषाणूचा मजकूर वाचायला लागते. तिची स्वतःची पत्रं बिनमाथ्याची पडून राहतात. सहा-आठ तासांत त्या पेशीतून नवे विषाणू बाहेर पडायला लागतात, हजारोंनी. बाहेर पडतानाही ते पेशीवरच्या त्याच सियालिक आम्लाला चिकटून बसले असते. तिथे एन कामाला येतो आणि ते टोकच छाटून टाकतो. डॉक्टर फ्लूवर ऑसेल्टामिव्हिर देतात ना, ती गोळी या एनचं काम बंद पाडते. मग विषाणू पेशीच्या दारातच अडकतात. मात्र गोळी पहिल्या दोन दिवसांत पोटात जायला हवी, नंतर तिचा फायदा कमी होत जातो.

"पण आजोबा, विषाणू नाकात आणि घशात. मग माझे पाय का दुखत होते?" थोरल्याने विचारलं.

वा! हा प्रश्न तू विचारशील अशी आशा होती मला. विषाणू तुझ्या पोटरीपर्यंत पोचलाच नव्हता. फ्लूचा विषाणू बहुधा श्वासमार्गातच राहतो. पाय दुखवले ते तुझ्याच शरीराने. लागण झालेली पेशी मरता मरता शेजाऱ्यांना सावध करते. त्यासाठी ती जे द्रव्य सोडते त्याचं नाव इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनच्या मिल हिल भागातल्या संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी ते शोधलं. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याला मेलेला फ्लूचा विषाणू दिला, तर त्या पडद्यातून असं काहीतरी पाझरलं की नंतर जिवंत विषाणूही तिथे वाढेना. हे इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीची इतर द्रव्यं रक्तातून फिरतात. मेंदूच्या तळाशी शरीराची उष्णता ठरवणारं केंद्र आहे. तिथे निरोप पोचतो की नेहमीची पातळी वाढवा. समज, ३७ ची ३९ केली. आता तुझं अंग ३७ वर आहे आणि केंद्र म्हणतंय ३९ हवं, म्हणून तुला थंडी वाजते. बाहेर उकडत असतानाही दात वाजतात, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात आणि तू गोधडी मागतोस. ताप उतरताना उलटं. केंद्र पातळी खाली आणतं आणि तुला घाम फुटतो. अंगदुखी, डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणं, लोळत पडावंसं वाटणं, ही सगळी त्या द्रव्यांचीच करणी. विषाणू आत शिरल्यापासून हे सुरू व्हायला एक ते चार दिवस लागतात, बहुतेकांना दोन. आणि गंमत अशी की तुला बरं नाही हे कळायच्या आदल्या दिवशीच तू तो दुसऱ्याला द्यायला लागलेला असतोस.

खरा धोका वेगळाच. श्वासनळीच्या आतल्या पेशींना बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि कफ, धूळ, जिवाणू वर ढकलतात. फ्लूने त्या पेशी मेल्या की हा झाडू बंद पडतो. एरवी नाका-घशात निरुपद्रवी बसलेले जिवाणू मग खाली फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्यांना, तान्ह्या बाळांना, गरोदर बायकांना, मधुमेह आणि दम्याच्या रुग्णांना जपायला सांगतात ते यासाठी.

माझी आजी एका साथीविषयी बोलायची. तिचा शब्द 'मानमोडी'. "मानमोडीच्या साली" अशी ती वय मोजायची लोकांची. ते साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं, सैन्य घेऊन जहाजं जगभर फिरत होती. मुंबईत १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात आले. त्यांच्यातल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. मग गोदीकामगार, मग गिरण्या, मग टपाल कचेऱ्या. मुंबईचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणाले की मेअखेर बंदराला लागलेल्या जहाजाने रोग आणला. सरकारी बाजू म्हणाली, छे, जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत लागला. अशा वेळी माणसं आधी काय शोधतात बघा.

जूनची लाट सौम्य होती. लोक पडले, उठले, कामाला लागले. सप्टेंबरात ती परत आली तेव्हा तिचं रूपच पालटलं होतं. चेहरे निळे पडायचे, दोन-चार दिवसांत खेळ संपायचा. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने ही साथ मुंबई इलाख्यात आणि पुढे देशभर पसरली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, विहिरी आटल्या होत्या. उपाशी माणसाला ताप किती झेपणार? हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत आहेत. जगात कुठल्याही एका देशात एवढी माणसं गेली नाहीत. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आपल्या जनगणनेत असं दशक हे एकच.

एक आकडा मात्र मला सुधारक-बिधारक नसूनही नेहमी अस्वस्थ करतो. मुंबईत त्या साथीत दर हजारी युरोपियन आठ मेले, बरोबर सांगायचं तर ८.३. आणि ज्यांना सरकारी तक्त्यात खालच्या जातीचे हिंदू म्हटलं होतं ते दर हजारी ६१.६. विषाणू एकच, शहर एकच. फरक खोलीच्या आकाराचा, खिडकीचा, ताटातल्या अन्नाचा आणि आजारपणात पाणी द्यायला कुणी आहे का याचा. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांची तरुण मुलं चाळीचाळींत औषध आणि दूध घेऊन फिरली. औषध म्हणजे तरी काय, ताप उतरवायचं. कारण रोग कशाने होतो हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

माहीत आहे असं वाटत होतं, ही त्याहून वाईट गोष्ट. १८९२ मध्ये जर्मनीच्या रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला. मोठा माणूस, मोठी प्रयोगशाळा; सगळ्यांनी मान डोलावली. १९१८ मध्ये डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली त्यालाच शोधत होते, त्याच्यावर लसी बनवत होते. काही रुग्णांत तो सापडे, काहींत नाही. तो बिचारा संधी साधून फुप्फुसात उतरलेल्या जिवाणूंपैकी एक होता. आरोप खोटा ठरला तरी त्याच्या नावातला 'इन्फ्लुएन्झी' आजतागायत सुटलेला नाही.

खऱ्या गुन्हेगाराचा माग डुकरांपासून लागला. त्याच १९१८ च्या शरदात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यानंतर डुकरं शिंकायला, तापायला लागली. कोएन नावाच्या पशुवैद्याने सांगितलं की माणसांना झालंय तेच डुकरांना झालंय. डुकरं पाळणारे त्याच्यावर उखडले; मांस कोण विकत घेणार मग? पण तो बधला नाही. पुढे १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी आजारी डुकरांचा स्राव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जिवाणू वरच अडकावेत, आणि खाली आलेल्या द्रवानेही निरोगी डुकरं आजारी पडली. म्हणजे कारण जिवाणूहून लहान होतं.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनमध्ये फ्लूची साथ आली. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी आजारी माणसांना गुळण्या करायला लावल्या, ते पाणी गाळलं आणि नाना प्राण्यांना देऊन पाहिलं. कुणाला काही होईना. त्यांच्या संस्थेत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या अभ्यासासाठी फेरेट पाळलेले होते. फेरेट म्हणजे मुंगसाच्या चणीचा, लांबट अंगाचा प्राणी. त्याच्या नाकात ते पाणी टाकलं आणि दोन दिवसांत त्याचं नाक गळायला लागलं, डोळे पाणावले, ताप चढला. पुढे १९३६ मध्ये तर चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस नावाचा तरुण डॉक्टर आजारी फेरेट तपासत असताना तो फेरेट त्याच्या तोंडावर शिंकला. डॉक्टर आजारी! माणसाचा रोग फेरेटला आणि फेरेटचा माणसाला. इतका चोख पुरावा ठरवून मागितला असता तर मिळाला नसता.

"मग १९१८ चा विषाणू सापडला?"

छे. तो केव्हाच पसार झालेला. तो शोधायला एक वेगळाच माणूस जन्माला यावा लागला. योहान हल्टिन. स्वीडनचा मुलगा, अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकायला आलेला. अलास्कात समुद्रकाठी ब्रेव्हिग मिशन म्हणून एक चिमुकलं गाव आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत तिथल्या ८० जणांपैकी ७२ मेले. जमीन कायमची गोठलेली. सगळ्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं. हल्टिनच्या डोक्यात आलं की गोठलेल्या जमिनीत माणसं टिकली असतील तर विषाणूही टिकला असेल.

१९५१ मध्ये तो तिथे गेला. आधी गावातल्या जाणत्यांना भेटला. त्या साथीतून वाचलेली माणसं अजून होती तिथे. त्यांना त्याने हेतू समजावून सांगितला, परवानगी घेतली आणि मग कुदळ उचलली. हे मला फार आवडतं. जमीन इतकी कडक की शेकोट्या पेटवून ती वितळवावी लागली. खाली पहिल्यांदा दिसली एक लहान मुलगी, केसांत लाल फिती बांधलेली. त्याने फुप्फुसांचे तुकडे घेतले, थर्मासात भरले. परतीच्या विमानप्रवासात इंधन घ्यायला विमान थांबलं की हा पठ्ठ्या खाली उतरून अग्निशामक नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड त्यांच्यावर मारायचा, गोठलेले राहावेत म्हणून! पण आयोवात अंड्यात घालून बघितलं, फेरेटला देऊन बघितलं. विषाणू मेलेला होता. पोराने हात टेकले.

मग सेहेचाळीस वर्षं गेली. तो पॅथॉलॉजिस्ट झाला, निवृत्तही झाला. १९९७ मध्ये त्याच्या वाचनात आलं की वॉशिंग्टनच्या लष्करी संस्थेत जेफ्री टॉबेनबर्गर नावाचा शास्त्रज्ञ १९१८ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या मेणात जपलेल्या फुप्फुसांतून त्या विषाणूचे तुकडे-तुकडे मजकूर वाचतोय. आता जिवंत विषाणूची गरजच उरली नव्हती, चिठ्ठ्यांचे कपटे पुरेसे होते. हल्टिनने त्याला पत्र लिहिलं. हल्टिन बहात्तर वर्षांचा होता, माझ्यापेक्षा थोडाच लहान. खर्च स्वतःचा, सोबत बायकोची बागेतली मोठी कात्री. पुन्हा गावाची परवानगी, पुन्हा तोच खड्डा. या वेळी एका लठ्ठ बाईचा देह मिळाला. तिच्या अंगावरच्या चरबीने आतली फुप्फुसं कुजण्यापासून वाचवली होती. काम झाल्यावर त्याने थडगं बुजवलं, गावच्या शाळेत बसून दोन मोठे लाकडी क्रूस केले आणि जुने मोडके काढून तिथे उभे केले. आठही चिठ्ठ्यांचं वाचन २००५ मध्ये पुरं झालं. अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात, कडेकोट बंदोबस्तात, तो विषाणू पुन्हा तयारही केला. असं करावं का यावर मोठा वाद झाला. मला विचाराल तर वाद व्हायलाच हवा होता.

चिठ्ठ्यांत काय निघालं? मजकुराचा ढंग बराचसा पक्ष्यांतल्या विषाणूंचा. आणि आज माणसांत फिरणाऱ्या ए जातीच्या फ्लूंची वंशावळ मागे नेली तर त्यांच्या चिठ्ठ्यांतल्या काही ना काही १९१८ वाल्याच्याच निघतात.

तर आता मुद्द्यावर येऊ. बदकाचा पाहुणा माणसात येतो कसा, आणि आल्यावर पुन्हापुन्हा आजारी कसा पाडतो? दोन वाटा. पहिली वाट चुकीच्या नकलेची. तुमच्या पेशीत मजकुराची नक्कल झाली की ती पुन्हा तपासून चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते. फ्लूच्या विषाणूचा कारकून नक्कल तपासतच नाही. सरासरी प्रत्येक नव्या प्रतीत एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी प्रत निकामी होते, पण कोट्यवधी प्रती निघतात म्हटल्यावर एखादी चूक एचच्या काट्याचा आकार किंचित बदलते आणि गेल्या वर्षी आजारी पडून तुमच्या शरीराने जी ओळख ठेवली होती ती निरुपयोगी होते. फ्लू दरवर्षी पुन्हा होतो तो यामुळे.

दुसरी वाट आठ चिठ्ठ्यांची. मजकूर एकाच लांब कागदावर असता तर हे जमलं नसतं. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू एकाच वेळी शिरले तर सोळा चिठ्ठ्या एकत्र येतात आणि बाहेर पडताना नवा विषाणू यातल्या पाच, त्यातल्या तीन अशा कुठल्याही आठ घेऊन निघू शकतो. असा सोयीचा प्राणी म्हणजे डुक्कर. त्याच्या श्वासमार्गात दोन्ही कोनांची सियालिक आम्लं सापडतात, म्हणून पक्ष्याचाही फ्लू त्याला होतो आणि माणसाचाही. २००९ चा स्वाइन फ्लू असाच डुकरांत जुळून मेक्सिकोत माणसात उतरला. त्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयापुढच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेलं पुणं, तुमच्या आईने पाहिलंय ते. त्या वेळी एक विचित्र गोष्ट दिसली. फ्लू म्हटलं की म्हातारे धोक्यात, पण या साथीत माझ्या पिढीच्या आणि त्याआधीच्या लोकांना त्या मानाने कमी झाला. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांनी लहानपणी याच्यासारखाच जुना एच१एन१ अनुभवला होता. शरीराने पन्नास वर्षं ती ओळख ठेवली होती. मला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण माझ्या रक्ताला हे आठवत होतं.

कोंबड्यांची गोष्ट आणखी निराळी. बदकाला न दुखवणारा विषाणू दाटीवाटीने कोंबड्या कोंडलेल्या शेडमध्ये शिरला की त्याचा कधीकधी मारेकरी होतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, एच५एन१. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. अंडी-चिकन कुणी खाईना, पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले. वास्तविक ७० अंशांपर्यंत नीट शिजवलं की हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर तासभर उकळत असतो. त्या वेळी नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. कोनच पुन्हा. पक्ष्यांच्या पद्धतीचा कोन माणसात सापडतो, पण खोल फुप्फुसात. म्हणून एच५एन१ माणसाला सहजी लागत नाही, लागला तर थेट फुप्फुसच धरतो आणि खोकल्यातून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. आता मात्र तो थेट गाईंपर्यंत आलाय. २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या गोठ्यांत तो दुधात सापडला. कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मग आपण काहीच करू शकत नाही?" थोरल्याचा आवाज जरा उतरला.

करतो की. ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांनी कोंबडीच्या गर्भ धरलेल्या अंड्यात हा विषाणू वाढवायची पद्धत बसवली आणि अजूनही जगातली बहुतेक लस अंड्यांतच तयार होते. मूळचा पक्ष्यांचा विषाणू, पक्ष्याच्या अंड्यात खुशाल वाढतो. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, जागतिक आरोग्य संघटनेची मंडळी जमतात आणि देशोदेशीचे नमुने पाहून पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आपल्याकडचे नमुने तपासत असते. अंदाज कधी बरोबर येतो, कधी हुकतो. आणि करोनात एक फुकटचा लाभ झाला. सगळ्यांनी तोंडं बांधली, घरात बसले, तेव्हा बी जातीच्या फ्लूची यामागाता नावाची एक शाखाच दिसेनाशी झाली. मार्च २०२० नंतर ती खात्रीने कुठे सापडलेली नाही. लसीतून तिचं नाव काढून टाकलं.

आपल्याकडचं एक वेगळं आहे बघा. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात. काश्मिरातही हिवाळ्यात. मुंबई-पुण्यात मात्र त्याचा मोठा भर पावसाळ्यात असतो आणि दुसरा छोटा जानेवारी ते मार्च. त्यामुळे पाऊस पडायच्या आधी, मे-जूनच्या सुमारास टोचून घेतलेलं बरं.

"आजोबा, तुम्ही घेतलीत?"

घेतली तर. हात दोन दिवस ठणकत होता. तुमची आजी म्हणाली, मी चौऱ्याहत्तर पावसाळे सुंठीच्या काढ्यावर काढलेत, मला सुई नको. तिच्याशी रेण्वीय जीवशास्त्रावर वाद घालायची माझी छाती नाही. पण परवा डॉक्टर घरी आले होते, त्यांनी तिच्या हातची अळूवडी खाल्ली, चार वेळा वाखाणली आणि हळूच विषय काढला. सोमवारची वेळ घेतलीय. तुम्ही दोघं यायचं, कारण ती तुमच्यासमोर रडणार नाही.